चौथी डिस्क आणि मामांची हवा

"मॅडम, ही चौथी डिस्क. पाचवी गेली तर मी दुसरा इंजिनिअर बघणार," शेवाळे साहेब म्हणाले आणि मशीनांकडे निघून गेले.

भोसरीत त्यांचा सीएनसीचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचा कारखाना आहे आणि तिथला सर्व्हर मी सांभाळते. सर्व्हर म्हातारा. त्यात सहा डिस्क मिळून काम करतात, त्याला रेड म्हणतात. एक गेली तरी गाडी चालू राहते. नवी घातली की बाकीच्या पाचांवरून तिच्यावर सगळं पुन्हा लिहिलं जातं, म्हणजे रिबिल्ड. तेवढ्या वेळात आणखी एक गेली, की खेळ खल्लास. कारखान्याची सगळी ड्रॉइंग्ज आत होती. बॅकअपची डिस्क आधीच बिघडलेली, नवी मागवायचं माझ्याकडूनच राहिलेलं.

तीन महिन्यांत केबल बदलली, कंट्रोलर बदलला, अर्थिंग मोजलं. तरी डिस्क जातच होत्या. आता रिबिल्ड साठ टक्क्यांवर आलं होतं. वेळ जावा म्हणून मी जुने लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी चाळल्या. पहिली सोडली तर पुढच्या तिन्ही डिस्क बुधवारी गेल्या होत्या, तिन्ही पावणेतीनच्या सुमाराला.

आज बुधवार होता. घड्याळात दोन चाळीस.

तेवढ्यात दार उघडलं. मेंटेनन्सचे गायकवाड मामा आत आले. एका हातात निळा पाइप, दुसऱ्या हातात एअर गन.

"ताई, जरा बाजूला व्हा. हवा मारतो."

गुरुवारी भोसरीत सुट्टी, म्हणून बुधवारी शिफ्ट सुटायच्या आत प्रत्येक मशीन कॉम्प्रेसरच्या हवेनं साफ करायची. हे मला ठाऊक होतं. त्या मशीनमध्ये सर्व्हरही धरलाय, हे नव्हतं! त्या हवेत पाणी असतं, तेल असतं, आणि जोर इतका की चालू डिस्क आतून हादरते.

मी दोन्ही हात पसरून सर्व्हरसमोर उभी राहिले. मामांचा खटका दाबून झाला होता. सगळी हवा माझ्या तोंडावर. केस उभे, ओढणी थेट पंख्याला.

आवाजानं शेवाळे साहेब धावत आले. "मामा, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"ताईंनीच की. पहिली डिस्क गेली न्हाई का, तवा म्हनल्या, मामा, हितं धूळ साचू देऊ नका. तवापासून दर बुधवारी मारतोय. डिस्क गेली की जास्त मारतो."

खरं होतं. पहिली डिस्क वयानं गेली होती. पुढच्या तिन्ही माझ्या सल्ल्यानं.

"साहेब, चूक माझी आहे," मी म्हणाले आणि मला हसू फुटलं. आवरेचना. साहेब माझ्या केसांकडे बघून हसायला लागले. मामा आधी ओशाळले, मग तेही सामील झाले. आम्ही तिघं हसतोय आणि मागे आकडा चढतोय, एकसष्ट, बासष्ट.

संध्याकाळी शंभर झाला. बॅकअपची डिस्क मी त्याच दिवशी मागवली. पाचवी काही गेली नाही.

तेव्हापासून मी नुसतं 'साफ ठेवा' म्हणत नाही. कशानं, ते सांगते आणि समोर करून घेते. मामांनी मात्र सर्व्हरच्या दारावर खडूनं लिहून ठेवलंय: 'हवा फक्त ताईंना.'