तळव्यावरची काशाची वाटी

गुदगुल्या होतात म्हणून हे कधी काशाची वाटी तळव्याला लागू देत नसत. आज हॉस्पिटलमध्ये तूप लावून तीच वाटी घासतेय, तर पाय जागचा हलत नाही.

सकाळी डॉक्टर म्हणाले, "मागे जुलाब झाले होते ना, त्या जंतूंचं अंग आणि आपल्या नसांचं आवरण थोडं सारखं असतं. जंतूंना मारायला निघालेलं शरीर आता नसांवरच तुटून पडलंय. बरेच जण बरे होतात. पण श्वासावर लक्ष ठेवावं लागेल."

इतकी वर्षं ज्यानं यांना राखलं, त्यालाच आपलं माणूस ओळखू येऊ नये? त्या आतल्या राखणदाराचीच आता भीती वाटते. छाती वरखाली होतेय ना, एवढंच बघत मी वाटी फिरवत राहते.

डोळे मिटूनच हे म्हणाले, "अगं, अजून थांबलीस का? लाव की वाटी. आज नाही पाय ओढून घेणार."