मी युसुफभाईंचा लेथ वाकडा ठरवला

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. कारण मी एका कारागिराची अख्खी हयात वाकडी ठरवली होती, आणि तीही पुराव्यानिशी!

आमचं घर तारनाक्याला. मी कॉलेजात मास्तर, पण जीव सगळा मागच्या पडवीतल्या लेथमध्ये. म्हणजे लोखंडाचा दांडा गरागरा फिरवून कातायचं यंत्र हो. तो घेतला युसुफभाईंकडून. चाळीस वर्षं त्यांनी त्यावर पोट भरलं, पुढे गुडघे गेले म्हणून विकला. देताना एवढंच म्हणाले, "सर, सब सीधा मिला के दिया हूं. इसको छेड़ना नक्को."

मी सहा महिने नाही हो छेडलं!

पण दिवस कसले होते? देशाची दारं नुकतीच उघडलेली. ज्या वस्तूसाठी दुबईचा पाहुणा गाठावा लागायचा, ती सुलतान बाजारात फुटपाथवर चादर पसरून विकायला! तिथेच मला लेसर पेन दिसलं. विकणाऱ्याने बटण दाबलं आणि रस्त्यापलीकडे साड्यांच्या दुकानाच्या पाटीवर तांबडा ठिपका! मधून बस गेली, तर ठिपका बसवर. बस गेली, ठिपका परत पाटीवर. खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. बोटाएवढी वस्तू, आणि तिच्यातून निघणारी असली सरळ रेघ! मी दोन बस सोडल्या आणि तिथेच उभा राहिलो.

घरी आलो तो डोक्यात कल्पना घेऊनच. बाहेरच्या देशांत म्हणे यंत्रं लेसरने जुळवतात, त्या उपकरणाची किंमत ऐकून माणूस खाली बसेल. आपण घरी करू! पेनला कागद गुंडाळला आणि चकात आवळलं. चक म्हणजे दांडा धरणारा लेथचा तीन दातांचा जबडा. बटणावर रबरबँड चढवलं. समोरच्या टोकाला टेलस्टॉक असतो, दांड्याचं दुसरं टोक पेलणारा ठोकळा, त्याला अणी असते. ठिपका बरोब्बर त्या अणीवर पडला की लेथ सरळ.

ठिपका अणीवर पडला नाही. ज्वारीच्या दाण्याएवढा डावीकडे पडला.

"सुलभा! लेथ वाकडा आहे!"

"अहो, परवा त्याच्यावरच मिक्सरची बुश केलीत ना? ती तर फिट्ट बसली," बायको आतून म्हणाली.

"नशीब आपलं!"

टेलस्टॉकचे स्क्रू ढिले करून तो डावीकडे सरकवला. ठिपका अणीवर! वा! मग टेलस्टॉक लांब नेला, तर ठिपका पुन्हा डावीकडे, आता बोराएवढा. म्हणजे नुसता टेलस्टॉक नाही, सगळा लेथच वाकडा! मी त्याच्या पायांखाली पाचरी ठोकायला घेतल्या. आता तुम्ही म्हणाल, बत्ती लेथवरच बसलेली, मग लेथखाली पाचर मारून ठिपका हलणार कसा? हे तुम्हाला सुचलं. मला तीन दिवस सुचलं नाही. चौथ्या दिवशी मी पडवीच्या फरशीला दोष दिला, आणि रविवारी सकाळी युसुफभाईंना बोलावणं धाडलं.

आले बिचारे, काठी टेकत. मी पडवीला चादरी लावून अंधार केला आणि बटण दाबलं.

"या अल्लाह!" ते पुटपुटले. तळहात मधे धरला, ठिपका तळहातावर. काढला, ठिपका पलीकडे. "सर, क्या चीज है ये! इससे सीधा तो कुछ नहीं होता."

"नहीं होता, युसुफभाई. अब देखो. काँटा इधर, बत्ती उधर."

त्यांनी पाहिलं. वाकून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. मला वाटलं होतं, भांडतील. भांडले नाहीत. त्यांनी माझ्यावर, म्हणजे त्या बत्तीवर, विश्वास ठेवला! जवळच्या स्टुलावर बसले आणि हळूच म्हणाले, "तो चालीस साल मैं टेढ़ा काम किया?"

एवढे दिवस बरोबर ठरायची घाई, आणि आता वाटायला लागलं, पडो तो ठिपका अणीवर!

"मशीन मैं वापस ले जातूं, सर. आपके पैसे देतूं," असं म्हणत ते उठले, आणि निघताना त्यांनी चकावर हात फिरवला. सवयीचा हात! चक अर्धा फेरा फिरला.

ठिपका अणीच्या डावीकडून उजवीकडे गेला.

युसुफभाई थबकले. त्यांनी चक सावकाश पूर्ण फिरवला. ठिपक्याने अणीभोवती एक सुरेख वर्तुळ काढलं.

"सर," त्यांचा आवाज पार बदलला, "बत्ती चक्कर क्यूं मार री?"

मी वाकून पेन पाहायला लागलो.

"मशीन टेढ़ा होता तो बत्ती एक जगह रुकती. ये तो पेन के अंदर बत्ती टेढ़ी बैठेली है!"

कांडी सरळ, पण आतला दिवा तिरका. एकदा फिरवून बघायचं, बस्स! चार दिवसांत मी सगळं हलवलं, टेलस्टॉक, लेथ, पाय. फक्त चक फिरवला नाही.

मग त्यांनी मी केलेला घोळ निस्तरला. पाचरी काढल्या. चकात सळई धरून तिला टोक काढलं. ते टोक आणि टेलस्टॉकची अणी, या दोघांच्या चिमटीत दाढीचं जुनं पातं धरलं. पातं कललं. टेलस्टॉक केसभर सरकवला, पातं थोडं सावरलं. आणखी केसभर, आणि पातं ताठ उभं, म्हणजे दोन्ही टोकं अगदी समोरासमोर! लेसर पाहून आला होता त्याहून मोठा काटा आला अंगावर, देवाशपथ. माझे हात आपोआप जोडले गेले.

सुलभाने चहा आणला. युसुफभाईंचा चेहरा आता दहा वर्षांनी तरुण झाला होता. त्यांनी बशीत चहा ओतला, एक घोट घेतला आणि तिला विचारलं, "भाभी, सर कॉलेज में क्या पढ़ाते?"

"फिजिक्स, वो भी रोशनी का सबक," सुलभा म्हणाली. "अठारा साल से वहीच पढ़ाते."

युसुफभाईंनी बशी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी काळजीने विचारलं, "बच्चे पास होते?"