घशाखालची चव

धोंडू राणे दर शनिवारी संध्याकाळी अंधेरीच्या एका बारमध्ये लोकांना व्हिस्की ओळखायला शिकवायचा आणि स्वतः एक थेंब गिळायचा नाही. हसू नका, खरं सांगतोय! घोट तोंडात घोळवायचा आणि बाजूच्या स्टीलच्या भांड्यात थुंकायचा. पूर्वी दारूने त्याची पार वाट लावली होती. ती सुटली, मग बारमालक केतनने हे काम पुढे केलं, तेव्हा हा गडी थेट गावच्या देवळात. देवाला कौल लावला. फूल उजवीकडे पडलं. गुरव म्हणाला, कर धंदा, पण घशाखाली जाता नये.

देव राजी झाला, बायको नाही. दिवाळीनंतर एकदा नलिनीला त्याच्या तोंडातून दारूचा वास आला आणि ती उठून भावाकडे मानखुर्दला गेली. "अगो, कामाचा वास तो," धोंडू फोनवर रडकुंडीला यायचा. शेवटी ती म्हणाली, "एकदा येवन बघतंय. पटला तर घराक येतंय, नाय तर विषय संपलो."

आज ती मागच्या खुर्चीत बसली होती. पर्स मांडीवर, लिंबू सोडा तसाच.

पहिला ग्लास. "ही नुसत्या जवाची. शेरी वाइनच्या जुन्या पिंपात मुरलेली. मनुका लागतात का बघा." थुंकला. नलिनीने पाहिलं. दुसरी मक्याची, अमेरिकन. नव्या, आतून जाळलेल्या पिंपामुळे व्हॅनिलासारखी गोडसर. थुंकला. तिसरीचे जव दलदलीतल्या जळाऊ मातीच्या धुरावर वाळवलेले. "नाक एकदम खुपसू नका, तोंड किंचित उघडं ठेवा. दोन थेंब पाणी टाका, मग बघा धुराच्या मागे काय आहे ते." थुंकला. नलिनीने सोड्याचा पहिला घोट घेतला, आणि धोंडूचा जीव भांड्यात पडला.

"चौथी स्पेशल!" केतन मधेच ओरडला. "परवाच आलीय. आपल्याकडे अजून कुणी चाखली नाही."

पुढे बसलेल्या तेजल नावाच्या मुलीने विचारलं, "सर, ते फिनिश फिनिश म्हणतात, ते काय असतं?"

"गिळल्यावर मागे जे उरतं ना, ते." धोंडू रंगात आला होता. "हिचंच घ्या. तोंडात काहीच वाटत नाही, म्हणाल फुकट पैसे गेले. पण खाली उतरू दे. छातीत ऊब येते, मग मागून लवंग, आणि एकदम शेवटी घशाशी कडू चॉकलेट. हलतच नाही तिथून."

बोलून गेला आणि त्याला कळलं. मेल्या, काय बोललास हे!

नलिनी उठून उभी राहिली होती. "बाटली परवाच इली ना?"

केतन पक्का धंदेवाला, त्याने हसत सावरलं. "अहो वहिनी, हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं. तेच हे पाठ करतात."

धोंडूने फक्त मान हलवायची होती. त्याने नलिनीकडे पाहिलं. तिचा चेहरा बघून त्याला भडभडून आलं, कारण ती ते खोटंही खरं मानायला तयार होती. हो म्हणा एकदा, असंच ते डोळे म्हणत होते.

"खोक्यावर काय नाय," तो म्हणाला. "मी गिळलंय."

"एकदाच?"

"नाय गो. दिवाळीपासून चालू आसा."

नलिनीने पदराने डोळे पुसले आणि खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आली.

"केतनभाऊ, हे यापुढे येवचे नाय."

"वहिनी, असं कसं..."

"नाय म्हणजे नाय." मग धोंडूला म्हणाली, "चला."

"आणि खावचा काय?" धोंडू पुटपुटला. पन्नाशी उलटलेली, दुसरं काही येत नव्हतं.

"ता मी बघतंय. चला घराक."