विमलाकाकूंचं जुनं पातळ

आमच्या शेजारच्या विमलाकाकूंचा कुणावर म्हणून विश्वास नाही. दूधवाला पाणी घालतो, वॉचमन झोपा काढतो आणि सून अपूर्वा घरातलं जुनं गुपचूप बाहेर काढते, ही त्यांची पक्की मतं. पहिल्या दोन बाबतीत मीही त्यांच्याच बाजूची.

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत जुने कपडे टाकायचा डबा आला, तेव्हा काकू त्याच्याकडे चोराकडे बघावं तशा बघत होत्या. "फुकट नेतत? मगे विकतत खंय?" त्यांनी मला विचारलं. मला काय ठाऊक?

परवा त्यांचं सुती पातळ कपाटातून गायब झालं. अपूर्वाचे दिवस भरत आलेले, नवरा प्रीतम रात्रपाळीचा. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण इथेच व्हायचं होतं. तान्ह्या बाळाला आधी नवं कापड लावत नाहीत, धुऊन धुऊन मऊ झालेलंच लावतात. काकूंनी त्यासाठीच ते पातळ राखून ठेवलं होतं. बाकीची सगळी भांडीवालीला देऊन झाली होती.

"तिनाच टाकल्यान डब्यात," काकू म्हणाल्या.

वॉचमनकडून किल्ली घेतली, मलाही कामाला जुंपलं. आम्ही डबा उपसला. टॉप, लेगिंग, चमकीचे गाऊन. सगळा सेलचा निसरडा माल, काहींची लेबलंही निघाली नव्हती. बाळाचं तोंड पुसावं असं एक मऊ फडकं त्यात नव्हतं. कपडा जुना व्हायलाच आम्ही वेळ देत नाही. काकूंनी एक कुडता वर धरला. "हो तुझो मा?" मी दुसरीकडे पाहिलं.

पातळ नाहीच मिळालं. काकू तडक घरी गेल्या, मागोमाग मी.

"माझा पातळ खंय?"

अपूर्वाने हॉस्पिटलला न्यायची पिशवी उघडली. आत त्याच पातळाचे चौकोनी तुकडे, उन्हात वाळवून, कडा दुमडून शिवलेले.

"तुम्हाला सुई दिसत नाही आई, म्हणून मीच शिवले. विचारलं असतं तर माझ्या हातात कात्री दिली नसतीत."

ते खरंच होतं. काकूंनी टाक्यांवरून बोट फिरवलं. त्यांचा मात्र संशय फिटेना.

"पदर खंय गेलो?"

अपूर्वा खाली बघून म्हणाली, "तो कापवेना. उशीवर घातलाय. प्रीतम रात्रपाळीला असला की भीती वाटते, मग गालाशी धरते."

काकू आपली चटई उचलून सुनेच्या खोलीत गेल्या.

"आजपासून मी हयसर निजतंय," त्या म्हणाल्या.