आरओचं पाणी, मावशीचा फ्लश आणि चाकणची फेरी

आधी दुरुस्ती. मागच्या लेखात मी लिहिलं होतं, ‘आरओ फिल्टरमधून वाया जाणारं पाणी फ्लशच्या टाकीत सोडा, काही बिघडत नाही.’ बिघडतं. आमच्या संत तुकाराम नगरात नळाला धरणाचं पाणी, म्हणून निभावलं. चाकणजवळ मावशीकडे बोअरचं पाणी. फिल्टर काढतो ते सगळे क्षार त्या वाया जाणाऱ्या पाण्यातच उतरतात. मावशीने माझं ऐकलं आणि तिचा फ्लश दिवसरात्र गळायला लागला.

पाचवीपर्यंत आईने मला घरीच शिकवलं. चुकीचं सांगितलं तर त्या माणसाच्या दारी जाऊन कबूल करायचं, हा तिचा नियम. म्हणून मंगळवारी भोसरीहून चाकणची बस धरली. मोशीला कंटेनरच्या रांगेत पाऊण तास गेला. तुम्ही शिफ्ट सुटायची वेळ टाळा. चाकणला उतरून गरम भजी खाल्ली, तरी धाकधूक जाईना. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले मावशीचे यजमान, आमचे काका, शनिवारी घरी येणार, आणि त्यांना कमोडशिवाय गत्यंतर नाही.

मावशीच्या घरी प्लंबर दत्ताभाऊ छिन्नी घेऊन हजर.

“ताई, जुनं मॉडेल आहे, पार्ट भेटत नाही. कमोड फोडून नवाच बसवू.”

“शनिवारपर्यंत होईल?”

“ह्या पावसाळी हवेत सिमेंट लवकर धरत नाही. चार दिवस तरी वापरायचा नाही.”

“मग ह्यांनी काय शेतात जायचं व्हय?” मावशी कडाडली.

“एकदा टाकी उघडून बघू या?” मी चाचरत विचारलं.

आत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह धड होता, पण त्यावर चुन्यासारखा पांढरा थर. खालचं रबरी वॉशर टेकतच नव्हतं. कोमट पाण्यात लिंबूसत्व घालून व्हॉल्व्ह दोन तास भिजवला.

“ढोकळ्याचं सामान संडासाला!” दत्ताभाऊ हसले. तोवर आम्हाला पिठलं-भाकरी मिळाली. थराचे पापुद्रे सुटले, चाळीस रुपयांचं नवं वॉशर बसलं. फ्लश ओढून तिघंही कान देऊन उभे राहिलो.

“गप झाला की गं!” मावशीने टाळीच वाजवली.

“आता टाकीत फिल्टरचं नको, बोअरचंही नको. पंचायतीच्या नळाला एक दिवसाआड येतं ते पाणी सोड.”

“प्यायचं पानी संडासात? न्हाई जमायचं.”

“आणि पत्र्यावरून पडतं ते?”

तिने वर बघितलं. “आभाळाचं चालंल.”

पावसाच्या पाण्यात क्षार नसतात. निदान पावसाळाभर तरी निभेल.

घरी पोचल्यावर जुन्या लेखातलं ते वाक्य आधी खोडलं. कुणाला काही सुचवण्याआधी ‘तुमच्याकडे पाणी कुठलं?’ हे विचारायला शिकले. पन्हळीखाली ड्रम बसवून त्याचा पाइप टाकीला जोडायचं काम दत्ताभाऊंनी घेतलंय. मदतीला मी शुक्रवारी, काका यायच्या आदल्या दिवशी, सकाळी सातच्या बसने जाते आहे.