कापूसशेठच्या वह्या

कापूसशेठ माणसांना विचारत नसत, कापसाला विचारत. दुकानातून बाहेर पडताना कपाटाच्या फटीत कापसाचा पुंजका ठेवून जात. परत आल्यावर पुंजका जागेवर दिसला की समजायचं, कपाट कुणी उघडलं नाही. "माणसाला विचारलं की त्याच्यावर खोटं बोलायची पाळी येती," म्हणायचे.

बायको गेली, व्यापार सुटला, तेव्हा ते मानवतच्या आमच्या ग्रंथालयात येऊ लागले. मी तिथला ग्रंथपाल. एकदा हमालाच्या डोक्यावर ट्रंक देऊन आले. आत तेवीस चिकटवह्या. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, पेपरातली कात्रणं, दरसालच्या पहिल्या वेचणीचा चिमूटभर कापूस. आणि पुण्याला दिलेल्या आपल्या मुलीला लिहिलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल.

"ग्रंथालयाला देतो सर. फक्त कुणीतरी एकानं वाचावं."

"मी वाचतो ना शेठ."

मी दाखल नोंद केली, पाठीवर क्रमांक डकवले, वह्या कपाटात लावल्या. माझं वाचन तिथंच संपलं.

शेठ दर गुरुवारी चारला यायचे. नव्या पत्राची नक्कल शेवटच्या वहीत ठेवायची असायची. माणसांना न विचारणारा हा माणूस मला मात्र विचारायचा, "कुठवर आलात?"

"वाचायलोय शेठ. लय आवडायलंय."

मग ते एखादी वही काढत, पुठ्ठा जरासा उचलून आत बघत आणि परत ठेवत. "सावकाश वाचा. फुरसत मिळंल तसं." मला वाटायचं, म्हाताऱ्याला वह्यांचा लळा आहे. पुढं पुढं त्यांनी विचारणं सोडलं. मला सुटल्यासारखं झालं, हेही सांगून टाकतो.

शेठ वारल्यावर मुलगी आली. हात जोडून म्हणाली, "बाबांना इथं कुणी नव्हतं. तुमी होता म्हणून निभलं." मी मान हलवली. नाही म्हणालो नाही.

ती गेल्यावर पहिली वही काढली. पुठ्ठ्याखाली कापसाचा पुंजका होता, दाबून कागदासारखा झालेला. दुसऱ्या वहीत होता. तेविसाव्या वहीतही होता. त्या वहीतल्या सगळ्यात वरच्या नकलेत शेठनं मुलीला लिहिलं होतं, 'माझी काळजी करू नकोस. इथले सर माझ्या वह्या रोज वाचायलेत. मधूनमधून बारीकसारीक विचारतात पण. बोलायला माणूस हाय मला.'

सगळ्या वह्या वाचायला मला हिवाळाभर लागला. गुरुवारी चारला बसायचो. विचारायचं पुष्कळ होतं.

काल त्यांच्या मुलीला पत्र लिहून खरं काय ते कळवलं. नक्कल शेठच्या शेवटच्या वहीत ठेवली आहे. वर पुंजका ठेवलेला नाही.