आप्पांच्या बंदुकीवरचं पोतं

मंडळी, सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

इलेक्शन आलं की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. आज वडिलांबरोबर, म्हणजे आप्पांबरोबर, मी गेलते. कणकुंबीकडं आमचं गाव. रानडुकरं भाताची नासधूस करतात म्हणून आप्पांना परवाना मिळाला. आमच्या बौद्ध वस्तीतला पहिलाच.

रांगेत सगळ्यांच्या बंदुका खांद्यावर उघड्या. आप्पांची तेवढी पोत्यात गुंडाळलेली. मी चिडून पोतं ओढून काढलं.

रांगेतल्या सगळ्यांनी वळून बघितलं. मागं उभे असलेले वरच्या आळीतले अण्णा म्हणाले, "परवाना कुणालाबी देत्यात आता. सरकारनं कायदा कडक कराय पाहिजे."

"अण्णा, तुमच्या खांद्यावर काय हाय?"

"आमची राखणीची हाय गं."

गेल्या महिन्यात त्यांच्या भातात डुकरं शिरली, तेव्हा हेच अण्णा आमच्या दारात येऊन म्हणालते, "तूबी बंदूक घेऊन चल रं लवकर."

मी ते बोलणार, तोच आप्पांनी माझा हात घट्ट दाबला. वाकून पोतं उचललं आणि बंदूक पुन्हा गुंडाळली.

कायदा कडक व्हावा, हे मलाही पटतं. पण सांगा, अण्णांना त्याची आठवण आमचं पोतं निघाल्यावरच का झाली?